अ‍ॅक्सेशन रजिस्टरात ठेवलेला फॉर्म

पत्र : नमस्कार मॅडम. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. २०२० ला रुजू झाले. नेट ही पात्रता परीक्षा पास आहे, विद्यापीठाची मान्यता आहे, कायम झाल्याचं पत्रही मिळालं आहे. आमच्याकडचे मराठीचे सर प्राध्यापक संघटनेचा सभासद-फॉर्म देऊन गेले, त्याला तीन महिने होत आले. तो मी अ‍ॅक्सेशन रजिस्टरात, म्हणजे पुस्तकांच्या नोंदवहीत, घालून ठेवला आहे. मागच्या स्टाफ मीटिंगमध्ये संस्थेचे सचिवसाहेब म्हणाले, "आपल्याकडं संघटनाबिंघटना चालत नाही, आपलं एक कुटुंब आहे." पुढच्या वर्षी माझी कॅसची, म्हणजे वरच्या वेतनस्तरावर जाण्याची, फाइल जायची आहे. यजमानांचं कृषी केंद्र आहे आणि त्याचं कर्ज सचिवांच्याच पतसंस्थेचं आहे. मामंजी म्हणतात, "नोकरी लागताना दोन एकर वावर इकलं, आता गुमान राहा." त्यात एक प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, ती शिक्षकांची संघटना आहे, लायब्ररीचं काय काम तिथं?" मला रात्री झोप येत नाही. मी फॉर्म भरू की नको?

— एक ग्रंथपाल

उत्तर :

ताई, "लायब्ररीचं काय काम" या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर कायद्यातच छापलेलं आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ घ्या. तुमच्याच ग्रंथालयात असेल, नसेल तर मागवून घ्या. त्यातली 'शिक्षक' या शब्दाची व्याख्या उघडा. तिथं प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक यांच्या रांगेतच महाविद्यालयाचा ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम शिक्षकांबरोबर आपल्यालाही धरून लिहिलेले आहेत. नवा सहायक प्राध्यापक ज्या वेतनस्तर १० वर येतो, ५७,७०० रुपये मूळ वेतनावर, त्याच स्तरावर तुम्ही आलात. नेट-सेटची अट त्यांना, तीच तुम्हाला. तेव्हा "लायब्ररीचं काय काम" असं कुणी म्हटलं की वाद घालू नका. ते पान उघडून टेबलावर ठेवा.

हे मी जरा जोरात सांगते आहे, कारण माझी सगळी नोकरी हा प्रश्न ऐकण्यात गेली. मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, तुमच्यासारख्याच तालुक्याच्या गावात. बारा ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची जयंती, ग्रंथपाल दिन. त्या दिवशी मला गुलाबाचं फूल आणि श्रीफळ मिळायचं, भाषणं व्हायची. तेरा ऑगस्टला प्राचार्यांच्या केबिनमधून निरोप यायचा की मॅडम रिकाम्याच असतात, त्यांना परीक्षेचे लिफाफे लावायला बसवा.

आपल्या पदाची खरी अडचण अशी की कॉलेजात ते एकच असतं. इतिहासाचे दोन असतील, वाणिज्यचे तीन असतील. त्यांच्यात भांडण असलं तरी अडचणीच्या वेळी "यांच्याबाबत असं झालं, उद्या माझ्याबाबत होईल" असं म्हणणारा शेजारी तिथं बसलेला असतो. ग्रंथपालाला तो नाही. तुमच्या कामाचं ओझं, तुमचे नियम, तुमच्या सुट्ट्यांचं वेगळं गणित समजणारं दुसरं माणूस त्या इमारतीत नाही. तुमच्या हाताखालचा परिचर शिक्षकेतर संघटनेत असतो, त्याचं त्याच्या ठिकाणी बरोबर आहे. सकाळी कुलूप उघडण्यापासून संध्याकाळी दिवे बंद करेपर्यंत तुम्ही एकट्या. म्हणून मी म्हणेन की बाकीच्यांनी संघटनेत जावं, पण ग्रंथपालानं तर जायलाच हवं.

माझं सांगते. १९९६ साल होतं. कॉलेजात कित्येक वर्षांनी पुस्तकांची मोजदाद झाली आणि चारशेच्या वर पुस्तकं कमी भरली. मी रुजू होऊन आठ वर्षं झाली होती. त्याआधी बरीच वर्षं ग्रंथपालच नव्हता, किल्ली शिपायाकडं असायची, कुणीही यायचं आणि घेऊन जायचं. मला चार्ज देताना यादी कुणी दिली नव्हती आणि मी ती मागितली नव्हती. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला ते सुचलंच नाही. संस्थेनं ठरवलं की रक्कम माझ्या पगारातून हप्त्यानं कापायची. पत्र हातात पडलं तेव्हा मी स्टॅक रूममध्ये जाऊन रडले. घरी सांगितलं तर सासूबाईंना वाटलं, सुनेनं काहीतरी केलं असणार.

भौतिकशास्त्राचे एक सर दुसऱ्या कॉलेजात होते, संघटनेचं जिल्ह्याचं काम बघायचे. त्यांना कुठून तरी कळलं. ते राजदूत मोटारसायकलवरून दोन रविवार आले. रजिस्टर घेऊन माझ्याबरोबर जमिनीवर बसले. कोणत्या क्रमांकाचं पुस्तक शेवटचं केव्हा कुणाच्या नावावर गेलं, हे आम्ही एकेक काढलं. निम्म्याहून जास्त पुस्तकं मी येण्याआधीच दिसेनाशी झालेली होती. मग त्यांनी संघटनेच्या लेटरहेडवर एका पानाचं पत्र लिहिलं. चार्ज यादी दिली का, दरवर्षी मोजदाद केली का, वसुलीआधी चौकशी केली का, असे तीन प्रश्न विचारले. त्या पत्राला उत्तर आलं नाही. वसुलीचा विषयही पुन्हा निघाला नाही.

पण त्यांचं एक वाक्य मला आजही टोचतं. पत्र माझ्या हातात देताना म्हणाले, "मॅडम, तुमी सभासद असत्या तर 'आमच्या सभासद' असं लिवता आलं असतं. आता 'संबंधित ग्रंथपाल' लिवलं हाय." मी तोवर फॉर्म भरला नव्हता. तुमच्यासारखाच कपाटात ठेवला होता. त्या माणसानं वर्गणी न भरलेल्या बाईसाठी दोन रविवार आणि पेट्रोल खर्च केलं. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरला, पण तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेल्या माणसाची लाज त्यात होती. ती तुमच्या वाट्याला येऊ नये.

जाता जाता पुस्तकांच्या हिशेबाची एक गोष्ट सांगून ठेवते, पुढं कामी येईल. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत २१५ वा नियम ग्रंथालयांच्या मोजदादीचा आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागं पाच पुस्तकं हरवणं तो वाजवी मानतो, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तक हरवलं तर मात्र चौकशी करायचीच. वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी पूर्ण मोजदाद करायला तो सांगतो. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, तुमच्या संस्थेला तो थेट लागू नाही. पण वसुलीचा विषय निघाला की दाखवायला मोजपट्टी आहे. वर्षाला आठ हजार देवघेवी होत असतील तर चाळीस पुस्तकांचा फरक ही चोरी मानली जात नाही, हे एवढं कागदावर असणं ग्रंथपालाला किती बळ देतं ते मला विचारा.

आता सचिवसाहेबांचं 'कुटुंब'.

मला या शब्दाचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. विदर्भातल्या कितीतरी शिक्षणसंस्था खरोखरच त्यागातून उभ्या राहिल्या. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती शेतकऱ्याच्या पोराला शिकता यावं म्हणून. गाडगेबाबांनी स्वतः अंगावर गोधडी पांघरून धर्मशाळा आणि वसतिगृहं बांधली. त्या पिढीनं कुटुंब म्हटलं असतं तर मी मान तुकवली असती. पण ज्या कुटुंबात एक जण सही करतो आणि बाकीच्यांनी विचारायचं नसतं, त्या घरात सून म्हणून राहणं कसं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेनं अनुच्छेद १९ मध्ये दिलेला आहे. सभासद होण्यासाठी प्राचार्यांची किंवा सचिवांची परवानगी लागत नाही. कळवण्याचंही बंधन नाही. कुणी थेट विचारलं तर खोटं बोलू नका, "हो, आहे" एवढं म्हणा आणि विषय बदला.

दोन एकर वावराबद्दल लिहिताना हात अडखळतो. तुम्ही ते लिहिलंत यालाच धैर्य लागलं असेल. आपल्याकडं अनेक घरांत असं झालं आहे आणि कुणी उघड बोलत नाही. मी तुम्हाला किंवा मामंजींना दोष देणार नाही. काळ्या मातीचे दोन एकर जाताना त्या माणसाला काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे, माझ्या वडिलांनीही पऱ्हाटीच केली. पण एक सांगते. ते पैसे ज्यांनी घेतले त्यांना ते घेण्याचा हक्क नव्हता. त्यामुळं त्यातून तुमच्यावर कसला उपकार झाला नाही आणि कसलं ऋण राहिलं नाही. तुमचा पगार शासनाकडून येतो. पद मंजूर आहे, नेट तुम्ही पास केली, मान्यता विद्यापीठानं दिली. मामंजी म्हणतात "गुमान राहा", त्यामागं भीती आहे की वावरही गेलं आणि नोकरीही जाईल. ती भीती खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. गप्प राहिल्यानं मात्र ती जात नाही.

आणखी एक बघा. तुमची जागा भरली कशी गेली? २०१७ पासून राज्यात पदभरतीवर बंदी होती. प्राध्यापकांच्या संघटनांनी २५ सप्टेंबर २०१८ पासून बेमुदत कामबंद आंदोलन केलं, त्यात रिक्त जागा भरा ही मागणी होती. त्यानंतर त्याच वर्षाअखेर शासनानं ज्या पदांना मंजुरी दिली, त्यात ३,५८० सहायक प्राध्यापक होते आणि १६३ ग्रंथपालही होते. तुमची जागा त्याच १६३ मधली आहे की नाही हे तुमच्या नेमणुकीच्या कागदावरून कळेल. पण २०१८ मध्ये कुणीतरी वर्ग सोडून रस्त्यावर बसलं होतं आणि मागणीत आपलंही पद होतं, हे मामंजींना ओसरीवर बसून सांगा. दोन एकरांच्या बरोबरीनं हेही त्यांना कळू द्या.

कॅसबद्दल तुम्हाला वाटणारी काळजी मला सगळ्यात जास्त पटते. पीएच.डी. नसेल तर सहा वर्षांनी, एम.फिल. असेल तर पाच, पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी स्तर १० वरून ११ वर जायचं, म्हणजे स्तराचं सुरुवातीचं वेतन ५७,७०० वरून ६८,९००. त्यासाठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग (ओरिएंटेशन कोर्स) आणि एक छोटा अभ्यासक्रम लागतो. तो झाला नसेल तर हे पत्र वाचून खाली ठेवल्याबरोबर त्याचा अर्ज करा. संघटनेपेक्षाही हे आधी.

फाइल अडवायची असेल तर ती "नाही" म्हणून कुणी अडवत नाही. ती "बघू", "पुढच्या मीटिंगला", "विद्यापीठाचे प्रतिनिधी मिळत नाहीत" असं म्हणून अडते. अशा वेळी तुमच्याकडं दोन गोष्टी हव्यात. पहिली म्हणजे पोच. प्रस्ताव कार्यालयात दिला की आवक क्रमांक आणि तारीख घातलेली प्रत घ्या. बाबू म्हणाले, "मॅडम, आपल्यात काय पोच", तरी हसून घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात आणि विद्यापीठात जाऊन विचारणारं माणूस. तुम्ही एकट्या अमरावतीला गेलात तर एक दिवसाची रजा, एसटीचे हाल आणि "साहेब नाहीत" एवढं पदरात पडतं. संघटनेचा माणूस एकाच खेपेत बारा कॉलेजांच्या फाइली विचारून येतो आणि त्याला तिथले टेबल माहीत असतात. ज्या गोष्टीसाठी तुम्ही संघटनेला घाबरता आहात, तिथंच तिचा उपयोग जास्त आहे. सभासद नसलेल्यांची कॅस वेळेवर होते असं मी एकतीस वर्षांत पाहिलं नाही.

नोकरीच काढून घेतली तर? तुम्ही कायम आहात. २०१६ च्या कायद्यात विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे. काढून टाकलं, सेवा संपवली किंवा पदावरून खाली आणलं तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत तिथं अपील करता येतं. बाकीच्या तक्रारींसाठी विद्यापीठाची तक्रार निवारण समिती आहे. हे ३० दिवस लक्षात ठेवा. पुष्कळ माणसं पहिले वीस दिवस कुणाच्या तरी मध्यस्थीची वाट बघण्यात घालवतात, पुढारी "मी बोलतो" म्हणतो आणि मुदत निघून जाते. कामगार न्यायालयात आपल्याला जाता येत नाही. शिक्षक हे तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थानं कामगार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवलं. म्हणून न्यायाधिकरणाचा रस्ता माहीत असलेली माणसं ओळखीची हवीत.

आणि कागद घरी ठेवा, ताई. नेमणूक आदेश, विद्यापीठाचं मान्यता पत्र, कायम झाल्याचं पत्र, सेवापुस्तिकेच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स. कॉलेजच्या कपाटात ठेवू नका. अ‍ॅक्सेशन रजिस्टरात तर नकोच.

आता कृषी केंद्र. इथं मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही.

शहरातल्या माणसाला हा प्रश्न कळणारच नाही. नागपूरच्या प्राध्यापकाचा संस्थाचालक त्याच्या घराचा सावकार नसतो. आपल्याकडं एकाच माणसाकडं कॉलेज असतं, पतसंस्था असते, जिनिंग असतं, बाजार समितीत पॅनल असतं आणि पोळ्याच्या तोरणाखाली पहिला मानही त्याचाच. बायकोच्या संघटनेचा राग नवऱ्याच्या कर्जखात्यावर निघू शकतो. खरिपाच्या तोंडावर बियाणं उचलायचं असताना कर्ज वाढवून मिळालं नाही तर काय होतं हे तुमच्या यजमानांना माहीत आहे. संघटना तुमची नोकरी सांभाळेल, दुकान सांभाळू शकणार नाही.

म्हणून हा निर्णय एकटीनं घेऊ नका आणि चोरूनही घेऊ नका. एका संध्याकाळी यजमानांना कर्जाचे कागद काढायला सांगा. कर्ज नियमित आहे का, तारण काय आहे, नूतनीकरणाची तारीख कोणती, हे दोघांनी बसून बघा. हप्ते वेळेवर असतील तर नुसत्या रागापोटी पतसंस्थेला फार काही करता येत नाही. नूतनीकरण मात्र रखडवता येतं. तेव्हा पुढच्या हंगामाआधी राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण बँकेत खातं हलवता येतं का याची चौकशी यजमानांनी करावी. त्याला सहा महिने लागले तर फॉर्म सहा महिने थांबला तरी चालेल. मी घाई करायला सांगत नाही. पण "कर्ज आहे म्हणून नाही" असं म्हणून विषय कायमचा मिटवू नका, कारण तेच कर्ज उद्या तुमच्याकडून दुसरं काही करून घेण्यासाठीही वापरलं जाईल. खरेदीच्या बिलावर न आलेल्या पुस्तकांची सही मागितली गेली तर? मी असं होताना बघितलं आहे, दुसऱ्या एका कॉलेजात, माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत. तिनं सही केली. पुढं चौकशी आली तेव्हा ज्यांनी सही घेतली ते बाजूला झाले आणि रजिस्टरात नाव तिचंच होतं. त्या प्रकरणात संघटनेलाही तिच्यासाठी फार करता आलं नाही.

कोणत्या संघटनेत जायचं हे तुम्ही विचारलं नाही, पण तो प्रश्न येईलच. नागपूर, अमरावती आणि गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांच्या भागात नुटा ही प्राध्यापकांची संघटना आहे, ती राज्यभरच्या एमफुक्टो या महासंघात आहे. बी. टी. देशमुख सरांचं नाव तुमच्या मराठीच्या सरांकडून ऐकलं असेलच. पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर राहून शिक्षकांच्या सेवाशर्तींचा एकेक शासननिर्णय त्यांनी कसा पाठपुरावा करून घेतला, हे जुने लोक अजून सांगतात. दुसऱ्या विचारांच्या संघटनाही आहेत. ग्रंथपालांची स्वतःची राज्य पातळीवरची संघटना मुक्ला आहे. माझं मत विचाराल तर एक प्राध्यापकांची आणि एक ग्रंथपालांची, दोन्ही ठेवा. फाइल हलवायला पहिली लागते. आणि आपल्या सुट्ट्या, कामाचे तास, कॅसचे गुण यांवर बोलायला दुसरी. पैसे देण्याआधी विचारा : नोंदणी कुठं झाली, हिशेब दरवर्षी तपासला जातो का, मागच्या निवडणुका केव्हा झाल्या. हे विचारल्याचा ज्यांना राग येतो तिथं जाऊ नका.

संघटनेत सगळं छान असतं असंही समजू नका. बैठका रविवारी जिल्ह्याच्या गावी होतात, पाचशे पुरुषांत वीस बायका असतात, चार वाजता सुरू होणारी सभा सहाला सुरू होते आणि तुमची शेवटची बस सात वाजता असते. ग्रंथपालांचा विषय पत्रिकेत शेवटी असतो आणि तोवर निम्मे लोक चहाला गेलेले असतात. काहींचं लक्ष विद्यापीठाच्या अधिसभेच्या निवडणुकीतल्या तिकिटावर असतं. मी सुरुवातीची चार वर्षं मागच्या खुर्चीवर गप्प बसून परत आले. मग एकदा उठून विचारलं की उन्हाळ्यात सगळे गावाला जातात, कॉलेज उघडं ठेवायला ग्रंथपाल लागतो, मग त्या दिवसांची अर्जित रजा सेवापुस्तिकेत चढते का? सभागृहात कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या बैठकीत तो विषय तिसऱ्या क्रमांकावर होता. बायका आणि ग्रंथपाल तिथं गेल्याशिवाय पत्रिका बदलत नाही. आणि तुमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर राबणारी पोरं असतील, पीएच.डी. झालेली, तिशी ओलांडलेली. त्यांचा विषय निघेल तेव्हा "आपला नाही" म्हणून उठू नका.

आंदोलनाचंही आताच सांगून ठेवते. संघटना करणं हा मूलभूत हक्क आहे. संप करणं मात्र मूलभूत हक्क नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे. २०१३ मध्ये फेब्रुवारी ते मे परीक्षांच्या कामावर बहिष्कार होता. शासनानं ७१ दिवसांचा पगार रोखला. आमच्या घरी त्या वर्षी धाकटीच्या ॲडमिशनसाठी दागिना गहाण ठेवावा लागला. त्याहून मला जास्त बोचलं ते वेगळं होतं. खेड्यातून एसटीनं येणारी मुलं ग्रंथालयात येऊन विचारायची, "मॅडम, पेपर होतीन का?" मला उत्तर देता यायचं नाही. मी त्या दिवसांत संघटनेबरोबर होते आणि बैठकीत विरोधातही बोलले की शेतकऱ्याच्या पोराच्या निकालाला हात लावू नका, दुसरा मार्ग शोधा. माझं ऐकलं गेलं नाही. तरी सोडून आले नाही. आत असल्यामुळं विरोध नोंदवता तरी आला. तुमच्यावर अशी वेळ येईल तेव्हा काय कराल याचा विचार करून ठेवा आणि महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकत जा.

तर, माझं उत्तर भरा असं आहे. उद्बोधन वर्गाचा अर्ज आणि झेरॉक्स या आठवड्यात करा, कर्जाचं बोलणं या महिन्यात. मराठीच्या सरांना सांगा की फॉर्म हरवलेला नाही, घरचं जुळवून देते. ते समजून घेतील. नाही समजलं तर मला कळवा, मी त्यांच्याशी बोलेन.

आणि भराल तेव्हा पदनामाच्या रकान्याकडं लक्ष द्या. काही फॉर्मवर अजूनही 'प्राध्यापक' आणि 'इतर' असे दोनच चौकोन असतात. 'इतर' वर खूण करू नका. बाजूला पेनानं तिसरा चौकोन काढा, 'ग्रंथपाल' लिहा, त्यावर खूण करा आणि खाली सही करा. मी तसंच केलं होतं.